प्रदर्शन 'भरते' तेव्हा : महानगरी दृश्यकला आणि मराठी समीक्षा

१

मराठीत प्रदर्शन 'भरते'. जत्रा भरते, बाजार भरतो, सभा भरते, शाळा भरते. पूर्वी दरबारही भरत असे. या सर्व प्रयोगांत 'भरणे' ही क्रिया वस्तूंपेक्षा माणसांच्या संदर्भात आलेली आहे. शाळेची इमारत सुट्टीतही उभीच असते. घंटा होऊन मुले वर्गात बसली की शाळा भरते. बाजाराच्या जागेवर मालाचे ढीग पडले, पण घेणारे-देणारे फिरकले नाहीत, तर बाजार भरला असे कोणी म्हणत नाही. या न्यायाने चित्रे भिंतीवर लागली, त्यांच्यावर दिवे सोडले गेले, कॅटलॉग छापून आले, एवढ्याने प्रदर्शन भरत नाही. समोर असलेली कृती, तिच्याकडे पाहणारी माणसे आणि त्या माणसांमध्ये त्या कृतीविषयी चालणारे बोलणे, या तिहींच्या मेळातून ते भरते.

भाषेने सहजपणे सांभाळलेली ही जाण मराठी कलाविचाराने मात्र पुरेशी मनावर घेतलेली दिसत नाही. प्रदर्शनाविषयीचे मराठी लेखन प्रायः एकेका चित्राविषयीचे किंवा एकेका चित्रकाराविषयीचे असते. चित्रे कोणत्या क्रमाने लावली, कोणत्या जागेत लावली, त्यांच्याशेजारी कोणत्या भाषेत काय लिहिले, ती पाहायला कोण आले आणि कोण आले नाही, हे प्रश्न वृत्तान्ताचे मानले गेले. समीक्षेचे मानले गेले नाहीत. प्रदर्शन म्हणजे कलाकृती ठेवण्याची तात्पुरती जागा, अशी या लेखनामागची अबोल धारणा असते. ही धारणा तपासणे आणि मुंबईसारख्या महानगरातील दृश्यकलेच्या गेल्या काही दशकांतील घडामोडींच्या उजेडात 'प्रदर्शन' हाच समीक्षेचा एक स्वतंत्र घटक मानावा लागतो काय, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. हा प्रश्न केवळ चित्रकलेच्या अभ्यासकांचा नाही. ज्या शहराने आधुनिक मराठी कवितेला आणि कथेला तिचे अनुभवविश्व पुरवले, त्याच शहरातील दृश्य अनुभवाविषयी बोलण्याची भाषा मराठीजवळ आहे की नाही, असा तो प्रश्न आहे.

२

१९४७ हे वर्ष या संदर्भात लक्षणीय आहे. याच वर्षी बा. सी. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि याच वर्षी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाली. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांच्या या गटाचे प्रदर्शन १९४९ मध्ये रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरले. मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले आणि कॅटलॉगमधील भूमिका सूझा यांनी इंग्रजीत मांडली. सहा जणांपैकी गाडे विदर्भातले, सूझा गोव्यातले आणि शिल्पकार बाकरे मराठी. एकाच शहरात, एकाच काळात, जवळजवळ सारख्याच सांस्कृतिक पेचातून निर्माण झालेल्या या दोन नवतांचा एकत्र विचार मराठी समीक्षेत अपवादानेच झाला. नवकवितेवर वाद झाले, खटला झाला, तिच्या दुर्बोधतेची चर्चा पिढ्यान् पिढ्या चालली. नवचित्रकलेच्या दुर्बोधतेवर विनोद झाले.

हे उदासीनतेमुळे घडले असे म्हणणे सोपे असले तरी ते पूर्ण खरे नाही. मराठी सौंदर्यविचार दृश्यकलांबाबत उदासीन नव्हता. खुद्द मर्ढेकरांनी सौंदर्याची उपपत्ती लावताना संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांचा पुरस्कार केला, तो इंद्रियसंवेदनांच्या परस्परसंबंधांच्या पायावर. रंगाशेजारचा रंग, रेषेशेजारची रेषा हे त्यांच्या विचारात दूरचे दृष्टान्त नव्हते. पुढे रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये कलाव्यवहाराची मांडणी केली. द. ग. गोडसे यांचे 'पोत' (१९६३) आणि माधव आचवलांचे 'किमया' (१९६१) ही पुस्तके तर डोळ्यांनी विचार कसा करावा याचे वस्तुपाठ आहेत. तेव्हा उणीव सामग्रीची नाही. उणीव आहे ती या विचाराने निवडलेल्या एककाची. मर्ढेकरी परंपरेत विचाराचे एकक 'कलाकृती' हे राहिले: चौकटीत बंदिस्त, स्वयंपूर्ण, अंतर्गत संबंधांनी बांधलेली कलाकृती. ती कोणत्या भिंतीवर आहे, हा प्रश्न या उपपत्तीत उद्भवतच नाही. उद्भवला तर तो सौंदर्यबाह्य ठरतो.

पाटणकरांच्या द्विध्रुवात्मक मांडणीत मात्र एक दार उघडे आहे, आणि त्यातून आत जाणे शक्य होते. एखादी वस्तू लौकिक ध्रुवाकडून अलौकिक ध्रुवाकडे जाते ती आपोआप जात नाही. तिला तेथे नेणारी एक सामाजिक यंत्रणा असते, आणि दृश्यकलेत ती यंत्रणा म्हणजे प्रदर्शन. पांढरी भिंत, दोन चित्रांमधील मोकळी जागा, पावलांचा आवाज शोषणारी शांतता, 'हात लावू नये' ही सूचना, दाराशी बसलेला सुरक्षारक्षक, या साऱ्यांच्या योगे समोरची वस्तू व्यवहारातून उचलली जाते. आणि त्याच चित्राशेजारच्या पट्टीवर विक्रीची खूण म्हणून लाल टिकली लागली की ती क्षणात लौकिकात परतते. एकाच दालनात, एकाच संध्याकाळी, दोन्ही ध्रुव हाताच्या अंतरावर असतात. कलाकृतीच्या अंतर्गत रचनेकडेच पाहणाऱ्या समीक्षेला ही ये-जा दिसत नाही. प्रदर्शनाकडे पाहणाऱ्या समीक्षेला ती टाळता येत नाही.

३

कलाकृती हे एकक अपुरे पडते, याची जाणीव विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मुंबईतील कलावंतांनीच करून दिली. १९९२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत हुसेन यांनी 'श्वेतांबरी' सादर केले. दालनात पांढरे कापड होते, जमिनीवर वृत्तपत्रांचे तुकडे पसरलेले होते, आणि चित्रे नव्हती. चित्र पाहण्यासाठी आलेल्या प्रेक्षकाला चित्र न देता केवळ दालनच देऊ करणारी ही कृती थट्टेचा विषय झाली हे समजण्याजोगे आहे. परंतु तिने विचारलेला प्रश्न थट्टेचा नव्हता. चित्रे काढून घेतल्यावर प्रदर्शनात काय उरते? उरते ती जागा, कापड, रद्दी होऊ घातलेल्या बातम्या आणि एकमेकांकडे पाहणारी माणसे. म्हणजे 'भरणे' या क्रियेचा केवळ मानवी भाग उरतो.

त्याच वर्षी, त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर तेव्हा असलेल्या गॅलरी केमोल्डमध्ये नलिनी मलानी यांनी 'सिटी ऑफ डिझायर्स' हे काम केले. त्यांनी चित्रे थेट दालनाच्या भिंतींवर काढली आणि मुदत संपल्यावर ती पुसली गेली. विकत घेता येईल, घरी नेता येईल, संग्रहालयात जपता येईल असे त्या भित्तिचित्रांतले काहीही मागे राहिले नाही. येथे कलाकृती आणि प्रदर्शन यांचे आयुष्य एकच झाले. साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर येथे संहिता नाही, केवळ प्रयोग आहे. नाटकाच्या बाबतीत संहिता आणि प्रयोग यांतील भेद मराठी समीक्षेने परिश्रमपूर्वक समजावून घेतला. नाट्यसमीक्षेला स्वतःची परिभाषा मिळाली ती त्या भेदामुळेच. प्रदर्शनाच्या समीक्षेला तसाच आरंभबिंदू येथे उपलब्ध होता.

१९९२च्या डिसेंबरातील आणि १९९३च्या जानेवारीतील दंगलींनंतर या प्रश्नाला वेगळे वजन आले. विवान सुंदरम् यांनी मुंबईच्या रस्त्यावर पडलेल्या एका मृतदेहाच्या वृत्तपत्रीय छायाचित्राभोवती १९९३ मध्ये 'मेमोरियल' रचले. रुम्माना हुसेन यांनी आपल्या पूर्वीच्या चित्रभाषेकडे पाठ फिरवून फुटलेली मातीची भांडी, आरसे यांसारख्या वस्तूंकडे मोर्चा वळवला. केमोल्डमध्ये १९९४ साली भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनात हे स्थित्यंतर स्पष्ट दिसले. अर्धगोल खापर उपडे ठेवले की घुमट सुचतो, फुटले की घट सुचतो. फुटलेल्या मडक्याचा मराठी मनातील संबंध अंत्यविधीशी आहे. घटाचा संबंध देहाशी आहे, आणि संतवाङ्मयाच्या वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. मराठी भाषकाजवळ या कामाच्या आस्वादाची केवढी तरी पूर्वतयारी होती! ती उपयोगात आणणारे मराठी लेखन त्या वेळी पुरेसे झाले असते, तर एका मुस्लिम कलावतीच्या वेदनेला मराठीच्या सांस्कृतिक स्मृतीत एक जागा मिळाली असती. समीक्षेचे काम अर्थ लावून दाखवण्यापुरते नसते. आपल्या भाषेत त्या अर्थाला घर करून देणे हेही तिचे काम असते.

अशा कामांना इंग्रजीत जे नाव आहे, त्यासाठी मराठीत 'मांडणशिल्प' हा शब्द रूढ झाला. हा शब्द विचारार्ह आहे. मराठीत पूजा मांडतात, डाव मांडतात, दुकान मांडतात, संसार मांडतात आणि विचारही मांडतात. 'मांडणे' या क्रियेत वस्तूंची रचना तर आहेच. शिवाय ती कोणासाठी तरी, काही काळापुरती आणि मोडली जाणार हे ठाऊक असताना केलेली रचना आहे. मांडलेला डाव मोडतो, मांडलेली पूजा विसर्जित होते. 'सिटी ऑफ डिझायर्स'चे मर्म या एका धातूत सामावले आहे. अडचण आहे ती शब्दाच्या उत्तरपदाची. 'शिल्प' या पदामुळे लक्ष पुन्हा टिकाऊ, घडीव वस्तूकडे वळते, आणि पूर्वपदाने मोकळा केलेला विचार उत्तरपदाने बांधला जातो. त्याचप्रमाणे प्रदर्शनाची संकल्पना रचणाऱ्या 'क्युरेटर'साठी योजला जाणारा 'गुंफणकार' हा शब्द. मूळ लॅटिन धातूचा अर्थ काळजी घेणे असा आहे. मराठी शब्दात गुंफणे आहे, म्हणजे फुले दुसऱ्याची आणि सूत्र आपले. क्युरेटरच्या अधिकाराविषयीची एक मार्मिक टीकाच या शब्दात दडलेली आहे. असे शब्द वापरात असणे ही एक गोष्ट. त्यांच्यातील विचार उलगडून त्यांना परिभाषेचा दर्जा देणे ही दुसरी. पहिली गोष्ट वृत्तपत्रीय लेखनाने केली. दुसरी विद्यापीठीय समीक्षेने करावयाची होती.

४

रॅम्पार्ट रो आणि जहांगीर आर्ट गॅलरी यांच्या भोवतालचा परिसर 'काळा घोडा' या नावाने ओळखला जातो. ज्या अश्वारूढ राजपुतळ्यामुळे हे नाव पडले तो पुतळा १९६५ मध्ये तेथून हलवून भायखळ्याच्या उद्यानात नेण्यात आला. घोडा गेला आणि नाव राहिले. १९९९ पासून येथे काळा घोडा कला महोत्सव होऊ लागला आणि २०१७ मध्ये शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडवलेला, स्वार नसलेला नवा घोडा तेथे उभा राहिला. राजा गळून घोडा परतावा, ही घटना वसाहतोत्तर चिन्हव्यवस्थेचे उदाहरण म्हणून वर्गात शिकवावी इतकी नेमकी आहे.

महोत्सवाचे नऊ दिवस हा रस्ता खरोखर 'भरतो'. प्रवेशमूल्य नसते. दालनाची पायरी चढायला बिचकणारी माणसे रस्त्यावरच्या मांडणशिल्पांभोवती मोकळेपणाने वावरतात. 'जहांगीर'च्या बाहेर पदपथावर आपली चित्रे मांडून बसणारे चित्रकार आणि आतील दालन यांच्यामध्ये एरवी जी अदृश्य रेषा असते, ती या दिवसांत पुसट होते. या लोकशाहीकरणाला कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि गर्दी आणि प्रेक्षक यांत भेद आहे. ज्या कामासमोर उभे राहून छायाचित्र काढून घेणे हाच त्याच्याशी होणारा प्रमुख व्यवहार असतो, ते काम पाहिले गेले असे म्हणणे कठीण आहे. त्याच्याकडे पाठ करून माणूस उभा असतो. जत्रा भरली, पण प्रदर्शन भरले काय, हा प्रश्न येथे शिल्लक राहतो. तो गर्दीला दोष देऊन सुटणारा नाही. पाहिलेल्या गोष्टीविषयी बोलण्याची भाषा ज्याला कोणी दिली नाही, तो ती गोष्ट छायाचित्रातच साठवणार.

याच तिठ्यावर आणखी एक प्रकारचे पाहणे अनेक वर्षे चालले होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, जाहिरातक्षेत्रात दृश्यरचनाकार म्हणून नाव मिळवलेले अरुण कोलटकर या परिसराकडे उपाहारगृहाच्या खिडकीतून पाहत बसत. पदपथावर राहणारी माणसे, भटका कुत्रा, कावळे, सकाळची न्याहारी यांची त्यांनी केलेली मांडणी 'काला घोडा पोएम्स' या नावाने २००४ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी, प्रसिद्ध झाली. दालनाच्या आत काय टांगले आहे याकडे जवळजवळ लक्ष न देता दालनाबाहेरच्या रस्त्यालाच प्रदर्शनाचे अवधान देणारे हे पुस्तक आहे. पांढरी भिंत वस्तूला व्यवहारातून उचलते असे वर म्हटले. कोलटकरांची कविता ते काम भिंतीवाचून करते, आणि वस्तूचा व्यवहाराशी असलेला धागा न तोडता करते. दृश्यकला आणि साहित्य यांचा एकत्र विचार करू पाहणाऱ्या समीक्षेला याहून अधिक अनुकूल उदाहरण मिळणे अवघड आहे. हे पुस्तक इंग्रजीत आहे, ही गोष्ट कवीच्या द्विभाषिकतेचा भाग म्हणून स्वीकारलीच पाहिजे. परंतु त्यातून प्रकट होणारी पाहण्याची रीत मराठी समीक्षेने आपलीशी करण्याला त्या भाषेचा अडसर का व्हावा?

५

भाषा आणि अधिकार यांचा प्रश्न सर्वांत ठळकपणे पुढे आला तो २०१९ मध्ये, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई शाखेत भरलेल्या प्रभाकर बरवे यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनात. हे संग्रहालय १९९६ मध्ये ज्या इमारतीत सुरू झाले ते कावसजी जहांगीर सभागृह १९११ सालचे. तेथे एकेकाळी सभा भरत आणि मैफिली होत. आज अर्धवर्तुळाकार दालनांच्या चढत्या पातळ्यांतून घुमटापर्यंत जाताना प्रेक्षकाचे शरीरच एका कथनक्रमातून जाते. चित्रकाराचे आयुष्य पायऱ्यापायऱ्यांनी वाचले जाते. अवकाश माणसाला कसा वागवतो याचे 'किमया'ने दिलेले भान येथे लावून पाहण्याजोगे आहे.

बरवे (१९३६–१९९५) हे मराठीतून विचार करणारे चित्रकार होते. घड्याळ, पान, टाचणी अशा साध्या वस्तूंना त्यांच्या नेहमीच्या नातेसंबंधांतून सोडवून रिकाम्या अवकाशात नव्या नात्यांत ठेवणे हा त्यांच्या चित्रांचा स्वभाव. या प्रक्रियेचे त्यांनी केलेले चिंतन 'कोरा कॅनव्हास' (१९९०) या पुस्तकात आहे. आकार, अवकाश आणि वस्तू यांविषयी भारतीय चित्रकाराने स्वतःच्या भाषेत लिहिलेल्या मोजक्या महत्त्वाच्या पुस्तकांपैकी ते एक आहे. मराठी साहित्यविचाराने मात्र त्याला 'चित्रकाराचे पुस्तक' म्हणून आदरपूर्वक बाजूला ठेवले. शांता गोखले यांच्या २०१३ मधील इंग्रजी अनुवादामुळे ते कलाजगताच्या चर्चेत नव्याने आले. २०१९च्या प्रदर्शनात बरव्यांच्या हस्ताक्षरातील वह्या काचेमागे ठेवलेल्या होत्या. मराठी अक्षरे तेथे दृश्य वस्तू झाली होती. वाचायची ती, पण आता पाहायचीही. मराठी गद्याला आपल्याच एका विचारवंत चित्रकाराची भेट अनुवादाच्या वळणाने आणि काचेच्या पेटीतून व्हावी, यात दोष प्रदर्शनाचा नाही.

या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी, ८ फेब्रुवारी २०१९ रोजी, घडलेला प्रसंग सर्वज्ञात आहे. अमोल पालेकर यांनी आपल्या भाषणात, स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त करून प्रदर्शनांविषयीचे निर्णय दिल्लीकडे नेण्याच्या धोरणावर बोट ठेवले, तेव्हा त्यांना मध्येच थांबवून बरव्यांविषयीच बोलण्यास सांगण्यात आले. त्यानंतरची चर्चा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने झाली आणि ते योग्यच होते. परंतु येथे एक सैद्धान्तिक प्रश्नही गुंतलेला आहे. प्रदर्शनाचा 'विषय' कोणता? भिंतीवर जे आहे तेवढाच, की भिंतीवर काय यावे हे कोण ठरवते हाही? 'विषयाला धरून बोला' ही सूचना कलाकृतीलाच एकक मानणाऱ्या सौंदर्यविचाराशी पूर्णपणे सुसंगत आहे. त्या विचारात समिती, निर्णय, अर्थसाहाय्य ही सौंदर्यबाह्य प्रकरणे ठरतात. केवळ रूपापुरता विचार करण्याचा आग्रह सभागृहात किती सहजपणे सत्तेच्या सोयीचा होतो, हे त्या संध्याकाळी दिसले. सभा भरण्यासाठी बांधलेल्या वास्तूत ते दिसावे, हेही अर्थपूर्ण म्हणावे लागेल.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की चित्राला भाषेची गरज नसते. ते डोळ्यांशी थेट बोलते. हा आक्षेप आकर्षक आहे, पण प्रदर्शनाच्या दाराशी ठेवलेली अभिप्रायवही तो टिकू देत नाही. 'अप्रतिम', 'रंगसंगती फारच छान', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा', ही वाक्ये पानोपानी भेटतात. लिहिणाऱ्याने काही अनुभवले नसेल असे मानण्याचे कारण नाही. अनुभव आहे, तो सांगण्याचे शब्द नाहीत, म्हणून समारंभातील शब्द उसने घेतलेले आहेत. शब्द मिळाला की पाहणेही बदलते. 'मांडणे' या धातूची आठवण असलेला प्रेक्षक मांडणशिल्पासमोर वेगळा उभा राहील. थेट डोळ्यांशी बोलणारे चित्र ही बहुधा पुष्कळ ऐकलेल्या आणि वाचलेल्या माणसाचीच भावना असते.

दुसरा आक्षेप असा, की इंग्रजी भित्तिलेखांविषयीची तक्रार ही अस्मितेची तक्रार आहे. मुंबईची दृश्यकला आरंभापासून बहुभाषिक आणि आंतरराष्ट्रीय आहे. तिच्यावर मराठीचा हक्क सांगणे संकुचितपणाचे ठरेल. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्यातील पूर्वार्ध निःसंशय खरा आहे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये स्थापन झाली तेव्हापासून या शहराचा कलाव्यवहार अनेक समाजांच्या आश्रयाने वाढला. 'जहांगीर'चे दालन १९५२ मध्ये एका पारशी कुटुंबाच्या देणगीतून उभे राहिले. येथे प्रश्न हक्काचा नसून जबाबदारीचा आहे. भिंतीवरचा मजकूर मराठीत असावा ही मागणी करणे सोपे आहे. तो मजकूर लिहू शकेल असे गद्य मराठीत घडवणे ही समीक्षेची जबाबदारी आहे, आणि ती दालनाच्या मालकावर ढकलता येत नाही. शब्दशः भाषांतरित, कोणालाच न कळणारा मराठी मजकूर भिंतीवर लावल्याने दुभाषिक फलक तयार होतो, प्रेक्षक तयार होत नाही.

या जबाबदारीची जाण ठेवून झालेले प्रयत्न आहेत आणि त्यांची नोंद घेतली पाहिजे. सुधीर पटवर्धन यांनी २००८–०९ मध्ये 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन भारतीय चित्रकलेचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील शहरांतून नेले. मूळ कामे, त्यांच्यासोबत संवाद, आणि तोही मुंबईच्या कलापरिसराबाहेर: प्रदर्शन 'भरवणे' या क्रियापदाचा पूर्ण अर्थ येथे घेतला गेला. 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७), 'टाउन' (१९८४), 'लोअर परेल' (२००१) या चित्रांतून कामकरी महानगर पाहणाऱ्या चित्रकाराला, आपण ज्यांना पाहिले त्यांनीही पाहावे असे वाटले, ही सौंदर्यशास्त्रीय भूमिका आहे. तिला केवळ समाजकार्य समजणे चूक ठरेल. १९८२च्या संपानंतर ओसरलेल्या गिरणगावाविषयी मराठी साहित्याने जे लिहिले त्याच्याशेजारी 'लोअर परेल' ठेवून वाचणे ही अजूनही मोठ्या प्रमाणावर शिल्लक असलेली कामगिरी आहे. सतीश नाईक यांचे 'चिन्ह' १९८७ पासून दृश्यकलेविषयी मराठीत सातत्याने लिहिले जाऊ शकते हे दाखवत आले, आणि २०१६ मध्ये त्यातून गायतोंडे यांच्यावरील मराठी ग्रंथ निघाला. हे प्रयत्न चित्रकारांनी किंवा चित्रकलेच्या शाळेत घडलेल्या माणसांनी केले आहेत. मराठीच्या विद्यापीठीय विभागांत मात्र 'साहित्य आणि इतर कला' हा विषय परीक्षेच्या एका प्रश्नापुरता राहिला.

७

दरम्यान शहरातील कलाव्यवहाराचे प्रमाण बदलले आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर 'आर्ट मुंबई' हा कलामेळा सुरू झाला. गॅलऱ्या तेथे ओळीने मांडल्या जातात, आणि या ठिकाणी 'बाजार भरला' हा प्रयोग रूपक राहत नाही. बाजाराला नाक मुरडण्याचे कारण नाही. चित्रकाराला जगायचे असते. पण बाजार स्वतःची भाषा घेऊन येतो, आणि जेथे दुसरी भाषा उभी नसते तेथे किंमत हाच एकमेव समजण्याजोगा अभिप्राय उरतो. चित्र कितीला गेले याची बातमी मराठी वाचकापर्यंत तत्परतेने पोहोचते. चित्र काय आहे हे पोहोचत नाही.

साहित्यकृतीच्या बाबतीत समीक्षेला उशीर परवडतो. दुर्लक्षित कादंबरी ग्रंथालयात पडून राहते आणि पन्नास वर्षांनी कोणी तरी तिची धूळ झटकतो. प्रदर्शनाला ही सोय नाही. 'जहांगीर'मधील प्रदर्शन बहुधा आठवडाभर असते. पुढच्या आठवड्यात त्या भिंतींवर दुसऱ्या कोणाची चित्रे असतात. चित्रे विखुरतात, क्रम मोडतो, मांडणी उचलली जाते. मागे उरते ते त्याविषयी जे लिहिले गेले तेवढेच, आणि ज्या भाषेत लिहिले गेले त्या भाषेतच. १९९२ मध्ये पुसल्या गेलेल्या त्या भिंती इंग्रजी कलालेखनात आजही वाचता येतात. मराठीत त्यांची आठवण अशी नाहीच.

म्हणून प्रदर्शनाची मराठी समीक्षा प्रथम वर्णनाची शिस्त बाळगील, हे योग्य होईल. दारातून आत शिरल्यावर प्रथम काय दिसते, पुढे कोणत्या चित्रासमोर कोणते चित्र येते, कोठे थांबावे लागते, शेजारच्या पट्टीवर काय लिहिले आहे, ते कोणाला वाचता येते, कोण न वाचताच पुढे जातो, हे लिहिणे प्राथमिक वाटले तरी अवघड आहे, कारण त्यासाठी मराठी गद्याला पाहण्याच्या वेगाने चालावे लागते. अशी एकेका प्रदर्शनाची सविस्तर वर्णने साठू लागली, तर लौकिक आणि अलौकिक यांमधील ये-जा कशी घडते, मांडणी आणि शिल्प यांत भेद कोठे करावा, गुंफणकाराचा अधिकार कोठवर मानावा, या सैद्धान्तिक प्रश्नांना प्रत्यक्षाचा आधार मिळेल. मर्ढेकरांपासून पाटणकरांपर्यंतच्या विचाराची फेरतपासणीही मग ग्रंथांच्या समोर बसून न होता कृतींच्या समोर उभे राहून होईल. शहरात दर आठवड्याला कोठे ना कोठे चित्रे लागतच आहेत. त्यांतील किती प्रदर्शने मराठीत भरली, याचा हिशेब मात्र मराठी समीक्षेलाच द्यावा लागणार आहे.